जातिवंत कुत्रा आणि त्याचा खुबा

बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी फिरावयास येणाऱ्या मंडळींत हाती कुत्र्याची साखळी धरलेले लोक आता पुष्कळ दिसतात. एके काळी अल्सेशियन म्हटला की तो कॅम्पातील एखाद्या लष्करी अधिकाऱ्याच्या बंगल्याच्या फाटकाशी बसलेला असावयाचा. आज तो टिळकवाडीत आहे, शहापुरात आहे, निपाणीच्या तंबाखूच्या वखारींवर राखणीला आहे आणि संकेश्वर-चिकोडीकडच्या उसाच्या मळ्यातील घरांतही आहे. त्याच्या मागोमाग लॅब्रेडॉर आला, रॉटवायलर आला. लोक हौसेने पिल्लू आणतात, त्यासाठी चांगली रक्कम मोजतात आणि त्याच्या आईबापांची, आजेपणजांची नावे लिहिलेला कागद घराच्या खरेदीखताशेजारी कपाटात जपून ठेवतात.

पुढे पिल्लू सहा-आठ महिन्यांचे होते. दिसायला ते जवळजवळ पुरते वाढलेले असते. पण घरातील माणसांच्या, विशेषतः मुलांच्या, काही गोष्टी हळूहळू ध्यानात येऊ लागतात. सकाळी बसलेल्या जागेवरून उठताना ते आधी पुढच्या पायांवर सारा भार घेते आणि मागले अंग ओढून घेतल्यासारखे वर आणते. धावताना मागचे दोन्ही पाय एकदमच टाकते, सशासारखे. जिन्याच्या पायथ्याशी येऊन थबकते. खेळता खेळता मध्येच बसकण मारते. "आळशी आहे हो आमचा," असे घरातील कर्ता पुरुष हसून सांगतो. वस्तुतः ते जनावर आळशी नसते. त्याला दुखत असते. कुत्रा दुखण्याने फारसा ओरडत नाही, म्हणून हा गैरसमज कित्येक घरांत महिनोन् महिने तसाच चालतो.

या दुखण्याला पशुवैद्यकात हिप डिस्प्लासिया असे म्हणतात. मराठीत सांगावयाचे तर खुब्याच्या सांध्याची सदोष वाढ. मोठ्या अंगाच्या जातिवंत कुत्र्यांत हाडासांध्यांचे जे विकार आढळतात त्यांत हा सर्वांत अधिक परिचयाचा, आणि तो पुष्कळ अंशी आईबापांकडून येणारा आहे. लॅब्रेडॉर व रॉटवायलर यांच्या पुढच्या पायाच्या कोपरातही असाच एक आनुवंशिक दोष आढळतो. पण खुब्याचा विकार नीट समजला की कोपराचा समजावयास वेळ लागत नाही.

खुब्याची रचना साधी आहे. मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते आणि कमरेच्या हाडात त्याच्यासाठी एक वाटी असते. चेंडू वाटीत घट्ट बसलेला असावा, दोघांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असावे, मध्ये निसर्गाने दिलेले वंगण असावे आणि भोवतीचे अस्थिबंध व स्नायू यांनी सारे आवळून धरलेले असावे, म्हणजे सांधा जन्मभर तक्रार करीत नाही. या विकारात चेंडू वाटीत सैल बसतो. दाराची बिजागरी ढिली झाली म्हणजे दार दर वेळी थोडे खाली बसते, घासते आणि घासता घासता चौकटही झिजविते, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की येथे चौकट अजून घडावयाची असते. पिल्लाची हाडे कोवळी असतात. सैल चेंडू वाटीच्या काठावर आदळत राहिला की वाटी खोल व्हावयाची ती उथळ राहते आणि चेंडूही चपटा होऊ लागतो. पुढे कूर्चा झिजते, सांध्याच्या कडांना नवे खडबडीत हाड धरते आणि संधिवात कायमचा घर करतो.

ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की ज्या पिल्लाला पुढे हा विकार होणार असतो त्याचाही खुबा जन्मतः नीटच असतो. बिघाड होतो तो पुढील काही महिन्यांत. दीड-दोन महिन्यांचे गुबगुबीत पिल्लू हातात घेऊन "पाय मजबूत आहेत" असे जेव्हा विकणारा सांगतो तेव्हा तो खोटे बोलत असतो असे नाही. पण त्याच्या बोलण्याला काही अर्थही नसतो. आणखी एक फसवणूक हा रोग स्वतःच करतो. वर्षाच्या आतबाहेर पिल्लू लंगडते, मग सांध्याभोवतीचे आवरण जाड होते, सैलपणा थोडा आवरला जातो आणि लंगडणे कमी होते. मालकाला वाटते, वाढीचे दुखणे होते, गेले. सहासात वर्षांनी संधिवात जेव्हा पुन्हा डोके वर काढतो तेव्हा पहिल्या दुखण्याशी त्याचा संबंध कोणी जोडीत नाही. "म्हातारा झाला," एवढेच म्हणतात.

हा दोष माणसालाही नवा नाही. नवजात बालकाचा खुबा सैल आहे की काय हे हातांनी तपासण्याची जी पद्धत ओर्तोलानी या इटालियन बालवैद्याच्या नावाने १९३० नंतरच्या दशकात प्रसिद्ध झाली, तीच पुढे पशुवैद्यांनी पिल्लांसाठी उचलली. मुलाचे पाय सरळ करून कपड्यात घट्ट गुंडाळून ठेवण्याची रीत जेथे आहे तेथे मुलांत हा दोष अधिक दिसतो. आणि जेथे आया मुलाला पाय फाकवून पाठीवर वा कमरेवर वागवतात तेथे तो कमी दिसतो. आपल्याकडे मुलाला कडेवर घेण्याची जी सहज रीत आहे ती कोणा वैद्याने सांगितलेली नव्हे. पण पाय फाकलेल्या त्या स्थितीत मांडीचे डोके वाटीत नेमके बसते. कोवळ्या वयातील सांधा कसा वाढेल हे त्या वयात तो कसा वापरला जातो यावरही ठरते, हे यावरून दिसते. कुत्र्याच्या बाबतीत हाच मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे.

कुत्र्यातील या विकाराचे पहिले वर्णन श्नेले नावाच्या अमेरिकन पशुवैद्याने १९३५ साली केले. त्या वेळी तो दुर्मीळ वाटला होता. क्ष-किरणांची यंत्रे जनावरांच्या दवाखान्यांत जसजशी येऊ लागली तसतसे आढळू लागले की तो मुळीच दुर्मीळ नाही. मोठ्या घरच्या, बक्षिसे मिळविणाऱ्या, उंची वंशावळीच्या कुत्र्यांच्या खुब्यांत तो दडलेला होता.

याचे कारण पाहू गेले तर जातिवंत कुत्रा म्हणजे काय या प्रश्नाकडे जावे लागते. अल्सेशियनचेच उदाहरण घ्या. त्याचे खरे नाव जर्मन शेफर्ड, म्हणजे जर्मन मेंढपाळाचा कुत्रा. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडात जर्मन या शब्दाचाच तिटकारा आलेला असल्यामुळे तेथे त्याला अल्सेशियन म्हणू लागले. १९७७ मध्ये तेथील केनेल क्लबने मूळ नाव पुन्हा मान्य केले, आपल्याकडे मात्र जुनेच नाव रुळून राहिले. १८९९ साली माक्स फोन श्टेफानिट्झ या लष्करी अधिकाऱ्याने एका प्रदर्शनात मेंढरे राखणारा एक कुत्रा पाहिला, विकत घेतला, त्याचे नाव होरांड ठेवले आणि त्याच्यापासून ही जात बांधावयास घेतली. एका गुणी नरापासून, त्याच्या पुत्रपौत्रांपासून, जवळच्या नात्यांत संकर करीत जात स्थिर करणे हीच जवळजवळ सर्व आधुनिक जातींची कहाणी आहे. यातून रंग, कान, शेपटी, स्वभाव हे हुकमी येतात. पण त्याच दाराने दोषही हुकमी येतात. गावात सर्वांनी एकाच विहिरीचे पाणी भरावे, मग पाणी गोड असले तर सर्वांना गोड आणि दूषित झाले तर सर्वांच्या घरी आजारी, तसे ते आहे. प्रदर्शनात पहिला आलेला नर शेकडो पिल्लांचा बाप होतो. त्याच्या खुब्यात काय आहे हे परीक्षकाच्या डोळ्यांना दिसत नाही.

शिवाय हा दोष वंशात उतरतो तो सरळ रीतीने उतरत नाही. मटारच्या दाण्यांचा हिरवा-पिवळा रंग एका गुणसूत्रघटकावर ठरतो, असे शाळेत आपण मेंडेलच्या प्रयोगात शिकतो. खुब्याचे तसे नाही. अनेक घटक, प्रत्येकाचा वाटा थोडा, अशी ती बेरीज आहे. आणि तिच्यात आहार, वजन, हिंडणेफिरणे यांचीही भर पडते. कुत्र्याकुत्र्यांच्या खुब्यांत जो फरक आढळतो त्यापैकी साधारण पाव ते निम्मा वंशामुळे असतो, असे निरनिराळ्या जातींच्या अभ्यासांवरून धरले जाते. म्हणूनच चांगल्या खुब्याच्या आईबापांच्या पोटी एखादे सदोष पिल्लू निपजते आणि विकणाऱ्याला "आमच्या घराण्यात हे नाहीच" असे म्हणावयास सापडते. आईबापांबरोबर त्यांची भावंडे, आधीच्या वेतातील पिल्ले, यांचे खुबे कसे निघाले हे पाहिले तरच काही सांगता येते.

येथे कागदाचा प्रश्न येतो. भारतात जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणारी केनेल क्लब ऑफ इंडिया ही जुनी संस्था १८९६ सालची आहे. तिच्या वंशावळीच्या दाखल्यावर पिल्लाच्या पूर्वजांची नावे असतात. कागद खरा असेल तर पिल्लू शुद्ध जातीचे आहे एवढे तो सांगतो. पिल्लू निरोगी आहे असे तो सांगत नाही, आणि तसा त्याचा दावाही नाही. पण गिऱ्हाईक तो दाखला निरोगीपणाचे प्रमाणपत्र म्हणून वाचते, आणि विकणारा त्याचा हा समज दूर करावयास जात नाही. शुद्धता आणि प्रकृती या दोन निराळ्या गोष्टी आहेत. किंबहुना शुद्धतेचा हट्ट फार झाला तर प्रकृती बिघडते, हे वर आलेच आहे.

प्रकृतीचा कागद निराळा असतो आणि तो क्ष-किरणांच्या फोटोवरून तयार होतो. कुत्र्याला गुंगी देऊन, पाठीवर उताणे निजवून, मागचे पाय सरळ ताणून फोटो घेतात आणि चेंडू वाटीत कितपत बसला आहे हे मोजतात. अमेरिकेत १९६६ साली जॉन ऑलिन या उद्योगपतीच्या पुढाकाराने अशा फोटोंची तपासणी व नोंद करणारी संस्था निघाली. ती कुत्रा दोन वर्षांचा झाल्यावरच कायमचा दाखला देते. ब्रिटनमध्ये दोन्ही खुब्यांना मिळून शून्यापासून १०६ पर्यंत गुण देतात. येथे जितके गुण कमी तितका खुबा चांगला, ही गोष्ट परीक्षेच्या गुणांना सरावलेल्या आपल्या मनाला जरा उलटी वाटेल. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात निघालेल्या आणखी एका पद्धतीने चार महिन्यांच्या पिल्लाच्या सांध्याचा सैलपणाही मोजता येतो. स्वीडनसारख्या देशात या नोंदी उघड्या असतात. पिल्लू घेणारा त्याच्या आईबापांचे खुबे घरबसल्या पाहू शकतो.

आपल्याकडे अशी पृच्छा करणारे गिऱ्हाईक क्वचितच आढळते. पृच्छा नाही म्हणून फोटो नाही, आणि फोटो नाही म्हणून दोष पिढ्यान् पिढ्या चालू. वास्तविक क्ष-किरणांची सोय आता अवघड राहिलेली नाही. निपाणीच्या मनुष्याला महामार्गाने वर गेले तर शिरवळचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे, खाली दूर जावयाचे तर बंगळुरास हेब्बाळचे आहे. मोठ्या शहरांतून खासगी पशुवैद्यांकडेही यंत्रे आली आहेत. ज्या मादीपासून वर्षाला एक वेत घ्यावयाचा आणि पिल्लामागे हजारो रुपये मिळवावयाचे, तिच्या खुब्याचा एक फोटो काढण्याचा खर्च जड आहे, असे म्हणणे मान्य करता येत नाही. कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयी केंद्र सरकारने २०१७ साली नियम केले आहेत. पैदास करणाराने नोंदणी केली पाहिजे, आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता कामा नये, दीड वर्षाच्या आतील मादी फळवू नये, असे त्यांत आहे. पिल्लू घेण्यास जाणाराने नोंदणीचा दाखला पाहावा, पिल्लाची आई डोळ्यांनी पाहावी, ती कशी उठते व कशी चालते हे पाहावे, आणि आईबापांच्या खुब्यांचा फोटो मागावा. फोटो मागितल्यावर विकणाराच्या चेहऱ्यावर जे उमटेल तेही पुष्कळ सांगून जाईल.

आता आपल्याच मुलखातील एका निराळ्या कुत्र्याकडे पाहू. हिडकलचे धरण आणि गोकाकचा धबधबा ओलांडून घटप्रभा पूर्वेकडे जाते तिच्या काठी मुधोळ आहे, बेळगावपासून शंभरएक किलोमीटर. हे घोरपड्यांचे जुने संस्थान. येथील उंच, सडसडीत, खोल छातीचा, आत गेलेल्या पोटाचा शिकारी कुत्रा मुधोळ हाउंड या नावाने प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रात त्याच घडणीच्या कुत्र्याला कारवान म्हणतात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची जोपासना केली आणि इंग्लंडला गेले असता पाचव्या जॉर्ज बादशहाला त्यांची जोडी नजर केली. २००५ च्या जानेवारीत टपाल खात्याने देशी कुत्र्यांची जी चार तिकिटे काढली त्यांत एक याचे होते. २०१६ साली भारतीय सैन्याने मेरठच्या आपल्या केंद्रात मुधोळची पिल्ले शिक्षणासाठी नेली.

हा कुत्रा सशामागे धावण्यासाठी घडला. त्याला कोणी रंगावरून वा कानावरून गुण दिले नाहीत. जो धावला तो राहिला, जो मागे पडला त्याचा वंश पुढे चालला नाही. निवड कठोर होती, पण ती पायांची होती. ग्रेहाउंड या त्याच्यासारख्याच पाश्चात्त्य कुत्र्यात खुब्याचा हा विकार जवळजवळ आढळत नाही, आणि त्याचे एक कारण म्हणून कमरेभोवतीचे भरघोस स्नायू व अंगावर नसलेली चरबी यांकडे पशुवैद्य बोट दाखवितात. सांध्याला आवळून धरणारा स्नायू बळकट आणि त्यावर पडणारा भार हलका, हे दोन्ही तेथे साधलेले असते. आपल्याकडील धनगरांचे कुत्रे पाहा. अक्कोळ-आदमापूरच्या बाजूने बाळूमामांच्या नावाने फिरणारी मेंढरे जातात तेव्हा कळपाबरोबर दिवसभर चालणारा कुत्रा कोणाच्या वंशावळीत नसतो. पण ज्याचा खुबा दुखतो तो कुत्रा कळपाबरोबर मुक्कामामागून मुक्काम करू शकत नाही, हे उघड आहे.

मात्र यावरून देशी म्हणजे निर्दोष असे समजून कोणी निश्चिंत होऊ नये. ३० ऑगस्ट २०२० रोजी पंतप्रधानांनी आपल्या नभोवाणीवरील भाषणात देशी कुत्री पाळण्याविषयी सांगताना मुधोळचे नाव घेतले आणि या कुत्र्याचा बोलबाला देशभर झाला. मुधोळ तालुक्यातील खेड्यांत कित्येक शेतकरी व मजूर कुटुंबे ही कुत्री पाळून पिल्ले विकतात. त्यांच्या संसाराला त्यातून हातभार लागतो, ही आनंदाची गोष्ट आहे. पण मागणी एकाएकी वाढली म्हणजे थोड्या नावाजलेल्या नरांवरच सारा भार पडतो, नात्यांत संकर होतो, आणि शेतात धावणारे जनावर शहरातल्या सदनिकेत बांधून दूधभातावर पोसले जाते. जी गोष्ट अल्सेशियनची शंभर वर्षांत झाली ती येथे लवकरही होऊ शकेल. मुधोळजवळ तिम्मापूर येथे बिदरच्या पशुवैद्यक विद्यापीठाचे श्वान-संशोधन केंद्र आहे. जात जतन करण्याचे काम तेथे चालते. खेड्यातील पैदास करणाराने नर निवडताना त्या केंद्राचा सल्ला घेणे आणि एकाच नरामागे न लागणे, यात त्याच्या पुढील पिढ्यांची मिळकत सुरक्षित राहणार आहे.

ज्यांच्या घरी मोठ्या जातीचे पिल्लू आलेच आहे त्यांनी काय करावे? वंश बदलता येत नाही. पण सांधा कसा वाढेल यात मालकाचा हात पुष्कळ असतो.

पहिली गोष्ट खाण्याची. पिल्लू गुबगुबीत असावे ही आपली आवड त्याच्या खुब्याच्या मुळावर येते. अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉर पिल्लांवर एक प्रयोग त्यांच्या जन्मभर चालला. एकाच वेतातील दोनदोन पिल्लांच्या जोड्या लावल्या. जोडीतील एकाला जितके दिले त्याच्या पाऊणपट दुसऱ्याला. २००२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कमी खाणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान १३ वर्षे भरले, अधिक खाणाऱ्यांचे ११.२, आणि खुब्यातील संधिवात कमी खाणाऱ्यांत कमी व उशिरा दिसला. वंश तोच, घर तेच, फरक केवळ वाडग्यातील मापाचा. पिल्लाच्या बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हाताला सहज लागाव्यात, इतके ते सडपातळ असावे. शेजारणीने "खायला घालता की नाही?" असे विचारले तर ते योग्य मापाचे लक्षण समजावे.

दुसरी गोष्ट कॅल्शियमची. हाडे मजबूत व्हावीत म्हणून पिल्लाला कॅल्शियमचे औषध बाटल्याच्या बाटल्या पाजण्याची चाल आपल्याकडे फार बोकाळली आहे. ती प्रेमापोटी आहे आणि ती घातक आहे. मोठ्या जातीच्या कोवळ्या पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम नाकारता येत नाही. जितके पोटात जाईल त्यातील पुष्कळसे ते शोषून घेते आणि हाडांची वाढ वाकडी होते. पिल्लाला मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी बनविलेला समतोल आहार मिळत असेल तर वरून कॅल्शियम देऊ नये. केवळ भातदूध वा केवळ भाकरीवर ठेवलेल्या पिल्लाची गोष्ट निराळी. तेथे उणीव असू शकते, पण ती किती हे पशुवैद्याने ठरवावे, औषधाच्या दुकानदाराने नव्हे.

तिसरी गोष्ट जमिनीची. जुन्या घरांत शहाबादी फरशी असे, अंगणात शेणाने सारवलेली भुई असे. आताच्या आरशासारख्या चकचकीत टाइल्सवर पिल्लाचे मागचे पाय दर क्षणी बाहेर घसरतात आणि सैल चेंडू वाटीच्या कडेवर आदळतो. नॉर्वेत चार मोठ्या जातींच्या पिल्लांवर झालेल्या अभ्यासात असे दिसले की जन्मापासून तीन महिन्यांपर्यंत रोज जिना चढउतार करणाऱ्या पिल्लांत हा विकार अधिक होता, आणि त्याच वयात मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळे हिंडणाऱ्यांत कमी. निपाणीच्या मळ्यातील पिल्लाला नांगरलेल्या रानात जे फुकट मिळते ते बेळगावच्या तिसऱ्या मजल्यावरील पिल्लाला मालकाने उचलून खाली आणल्यावाचून मिळत नाही. चेंडूमागे उंच उड्या मारावयास लावणे, मोटरसायकलमागे पळविणे हे वर्षभर तरी टाळावे. मोठ्या जातीच्या कुत्र्याचे खच्चीकरण वर्षाच्या आत केल्यास सांध्यांचे विकार वाढतात असे अमेरिकेत गोल्डन रिट्रीव्हर जातीवर झालेल्या अभ्यासात आढळले आहे. तेव्हा त्याची वेळ पशुवैद्याशी बोलून ठरवावी.

विकार जडलाच असेल तर शस्त्रक्रिया आहेत. पाच महिन्यांच्या आत दोष उमगला तर कमरेच्या हाडाची वाढ वळविणारी लहानशी क्रिया करता येते, म्हणून लवकर तपासणीला महत्त्व. पुढे मांडीच्या हाडाचे डोके काढून टाकण्याची क्रिया आहे. ती हलक्या कुत्र्याला अधिक मानवते. माणसाप्रमाणे सबंध खुबा बदलण्याची क्रियाही होते, पण ती मोजक्या ठिकाणी आणि फार खर्चाची. बहुसंख्य कुत्र्यांचे जन्म औषध, वजन आणि बेताची चाल यांवरच जातात, आणि ते वाईट जातात असे नाही. फोटोत अतिशय बिघडलेला दिसणारा खुबा घेऊन कित्येक कुत्री हसतखेळत जगतात. उलट थोडा दोष असलेली लंगडतात. कुत्र्याकडे पाहून उपचार करावा लागतो, फोटोकडे पाहून नव्हे.

औषधाबाबत मात्र एक सक्त सूचना. घरात माणसासाठी आणलेली वेदनाशामक गोळी कुत्र्याला देऊ नये. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल या आपल्या नित्याच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात, मूत्रपिंड वा यकृत बिघडते, आणि लंगडण्यावर उपाय करता करता जनावर दगावते. डायक्लोफिनॅक जनावरांसाठी वापरण्यावर तर भारतात २००६ सालीच बंदी आली. ते औषध दिलेल्या मेलेल्या गुरांचे मांस खाऊन आपल्या आकाशातील गिधाडे नाहीशी झाली होती. कुत्र्याला मानवणारी वेदनाशामके निराळी आहेत, त्यांची मात्रा वजनावर ठरते आणि मधूनमधून रक्त तपासावे लागते.

म्हाताऱ्या कुत्र्यासाठी घरात करावयाच्या गोष्टी थोड्या खर्चाच्या आहेत. तो जेथून उठतो व जेथून पाणी पितो त्या वाटेवर टाइल्सवर गोणपाट किंवा जुनी सतरंजी पसरावी व तिच्या कडा सरकणार नाहीत असे करावे. पंजांची नखे वेळेवर कापावीत, लांब नखांनी पाय अधिक घसरतो. बेळगावच्या पावसाळ्यात आणि पौषातील थंडीत सांधे आखडतात. जमिनीवर निजू न देता जाड घोंगडी द्यावी. फिरावयास न्यावे, पण एकदाच लांब नव्हे, दोनतीनदा थोडे थोडे, आणि त्याच्या पावलाने. जिना असेल तर पोटाखालून, मागच्या पायांच्या पुढे, एक पंचा घालून त्याची दोन्ही टोके हाती धरावीत आणि मागल्या अंगाचा भार आपण उचलावा; दोनचार दिवसांत कुत्र्याला त्याची सवय होते आणि पंचा हाती घेतलेला पाहून तो स्वतः जिन्याशी येऊन उभा राहतो.